नागपूरच्या ४५ अंशांत गॅस टर्बाइन किती वीज देईल? कामगिरीचं सिम्युलेशन, पहिल्या आकड्यापासून

गॅस टर्बाइनची सूत्रं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात सगळेच शिकतात. ब्रेटन सायकल (गॅस टर्बाइनचं आदर्श उष्णता-चक्र), चार बिंदू, कार्यक्षमता, पेपर संपला. पुढे कारखान्यात किंवा प्रोजेक्टमध्ये कोणी साधा प्रश्न विचारतो, "हे मशीन मे महिन्यात आपल्याकडे किती मेगावॉट देईल?" आणि ती चार सूत्रं तिथेच अडतात. ती इंजिन जसं डिझाइन केलं तसं चालताना काय होतं एवढंच सांगतात. हवा तापली, दाब पडला, पात्यांवर धूळ बसली की कंप्रेसर (हवा दाबणारा भाग) आणि टर्बाइन (तापलेल्या वायूने फिरणारा भाग) एकमेकांशी नव्याने जुळवून घेतात आणि सगळे आकडे हलतात. ही जुळणी संगणकाकडून सोडवून घेणं म्हणजेच कामगिरीचं सिम्युलेशन. ज्याला जुळणी समजली त्याला कुठलंही महागडं सॉफ्टवेअर जड जात नाही, आणि जुळणी न समजता नुसती बटणं दाबली तर चुकीचे आकडेही सुंदर आलेखात छापून येतात.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे: सुमारे ६ मेगावॉटचं, एकाच शाफ्टचं, जनरेटर फिरवणारं काल्पनिक गॅस टर्बाइन. कारखान्यात वीज आणि वाफ एकत्र मिळवण्यासाठी या आकाराची मशीन वापरतात. (नागपूरजवळची कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं कोळशावरची, त्यांची टर्बाइन वाफेची, त्यांचं गणित वेगळं.) आकडे तुम्ही कॅल्क्युलेटरवर तपासू शकाल असेच घेतले आहेत. सोबत एक्सेल उघडून बसा. पायथनकडे नंतर वळू.

हवा आणि दाब: इथेच पहिली गफलत होते

इंजिनचा जाहीर आकडा बहुतेक वेळा आयएसओ स्थितीचा असतो: १५ अंश सेल्सिअस, १०१.३२५ किलोपास्कल, ६० टक्के आर्द्रता. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. प्रमाणित वातावरणाच्या सूत्राने या उंचीवरचा दाब ९७.६६ किलोपास्कल येतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या साधारण ९६.४ टक्के. तापमान नवतप्यात ४५ च्या पुढे जातं. आपण ४५ धरू, म्हणजे ३१८.१५ केल्विन.

हवामानाच्या बातमीत किंवा विमानतळाच्या अहवालात दिसणारा दाब बहुधा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. तो आकडा जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये घातला तर तुमचं इंजिन नागपुरात नाही, मुंबईच्या किनाऱ्यावर चालतं. सिम्युलेशनला लागतो तो जागेवरचा खरा दाब. मे महिन्यात तो वरच्या प्रमाणित आकड्यापेक्षाही थोडा कमी असतो, पण तुलना स्वच्छ राहावी म्हणून आपण ९७.६६ च धरू.

तापमानाच्या नोंदीही डोळे मिटून घेऊ नका. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखवला होता. हवामान खात्याने नंतर तो संवेदकातल्या बिघाडाचा परिणाम असल्याचं सांगितलं. वर्षभराच्या तासागणिक नोंदी वापरायच्या असतील तर आधी त्यातल्या अशा उड्या शोधा. आणखी एक गोष्ट: इंजिन श्वास घेतं ती हवा वेधशाळेतली नसते. पत्र्याच्या शेडजवळ किंवा काँक्रीटच्या छतावर इनलेट असेल तर तिथली हवा वेधशाळेपेक्षा दोन-तीन अंशांनी सहज जास्त तापलेली असू शकते. शक्य असेल तर इनलेटच्या तोंडाशी मोजा.

डिझाइन पॉइंट: एक पान, पण बिनचूक

स्थानांचे क्रमांक प्रचलित पद्धतीने घेऊ: २ म्हणजे कंप्रेसरचं तोंड, ३ म्हणजे कंप्रेसरनंतर, ४ ज्वलनकक्षानंतर, ५ टर्बाइननंतर. टी म्हणजे तापमान, पी म्हणजे दाब. गृहीतकं अशी:

हवेचा प्रवाह २० किलो प्रति सेकंद, दाब गुणोत्तर (कंप्रेसरनंतरचा दाब भागिले आधीचा) १२, कंप्रेसरची आयसेंट्रॉपिक (आदर्श, हानीविरहित यंत्राच्या तुलनेतली) कार्यक्षमता ०.८५, टर्बाइनची ०.८८, ज्वलनकक्षातली दाबहानी ४ टक्के, टी४ म्हणजे १४०० केल्विन, ज्वलन कार्यक्षमता ०.९९, इंधनाचं उष्मामूल्य ४३,००० किलोज्यूल प्रति किलो. कंप्रेसर चालवताना शाफ्टमध्ये १ टक्का हानी. हवेसाठी सीपी (स्थिर दाबाची विशिष्ट उष्णता) १.००५ आणि गॅमा (दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) १.४, जळालेल्या वायूसाठी सीपी १.१४८ आणि गॅमा ४/३. टर्बाइनच्या पात्यांना लागणारी थंड हवा इथे धरलेली नाही. १४०० केल्विनला ती लागतेच, पण पहिल्या फेरीत तिला बाजूला ठेवा.

कंप्रेसर: १२ चा ०.२८५७ वा (गॅमा वजा १, भागिले गॅमा) घात २.०३४. आदर्श तापमानवाढ २९७.९, ती ०.८५ ने भागली की ३५०.५. म्हणून टी३ म्हणजे ६३८.७ केल्विन आणि प्रति किलो काम ३५२.३ किलोज्यूल.

टर्बाइन: प्रसरण गुणोत्तर १२ गुणिले ०.९६ म्हणजे ११.५२. तापमानातली घट ५६३.३, म्हणून टी५ म्हणजे ८३६.७ केल्विन. प्रति किलो वायू ६४६.६ किलोज्यूल.

इंधन: ऊर्जेचा समतोल मांडला की इंधन-हवा गुणोत्तर ०.०२२३ येतं. या समतोलात दोन्ही बाजूंच्या उष्णता २९८ केल्विनपासून मोजा. संदर्भ तापमान एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं झालं तर चूक लहान असते आणि म्हणूनच सापडत नाही.

निव्वळ काम ३०५.३ किलोज्यूल प्रति किलो हवा, म्हणजे ६.१ मेगावॉट. कार्यक्षमता ३१.८ टक्के. या आकाराच्या खऱ्या मशीन याच्या आसपासच असतात. तेव्हा पाया ठीक पडला आहे असं समजून पुढे जाऊ.

पुढे जाण्याआधी सीपीबद्दल थोडं. हवेची विशिष्ट उष्णता तापमानाबरोबर वाढते: ३०० केल्विनला १.००५, ६०० ला सुमारे १.०५, १००० ला १.१४. मग स्थिर आकडा घेतल्याने किती बिघडतं? हाच कंप्रेसर हवेच्या गुणधर्मांच्या तक्त्यावरून सोडवला तर टी३ सुमारे ६३१ केल्विन येतं, म्हणजे ८ अंशांनी कमी. काम मात्र जवळपास तेवढंच राहतं, कारण सीपीतली चूक आणि तापमानातली चूक एकमेकींना खोडतात. त्यामुळे मेगावॉटचा आकडा बरोबर आला म्हणून तापमानं बरोबर आहेत असं समजू नका. वाफेचा बॉयलर पुढे जोडायचा असेल किंवा पात्यांचं आयुष्य काढायचं असेल तर तापमानच कामाचं असतं. तिथे नासाच्या गुणांकांवर आधारलेले गुणधर्म वापरा. पायथनमध्ये कँटेरा हे मोफत पॅकेज ते काम करतं.

मॅप: कंप्रेसरची जन्मपत्रिका

आता खरं काम. कंप्रेसर किती हवा ओढेल हे तीन गोष्टींवर ठरतं: तो किती वेगाने फिरतो, आत येणारी हवा किती तापलेली आहे आणि समोर किती दाब आहे. हे सगळं एका आलेखात असतं, त्याला मॅप म्हणतात. आडव्या अक्षावर प्रवाह, उभ्यावर दाब गुणोत्तर, त्यात वेगाच्या रेषा आणि कार्यक्षमतेची कडी, आणि डावीकडे सर्जची सीमा, जिच्या पलीकडे कंप्रेसरमधली हवा उलटी वाहू लागते.

मॅपमधला वेग आणि प्रवाह दोन्ही 'करेक्टेड' असतात. वेगाला तापमान गुणोत्तराच्या (तोंडाशी असलेलं तापमान भागिले आयएसओचं, दोन्ही केल्विनमध्ये) वर्गमुळाने भागायचं. प्रवाहाला त्याच वर्गमुळाने गुणायचं आणि तोंडाशी असलेला दाब भागिले आयएसओचा दाब, या गुणोत्तराने भागायचं. यामागचं कारण समजून घ्या: पात्यांना फेऱ्या कळत नाहीत, माख क्रमांक कळतो. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, म्हणून तेवढ्याच फेऱ्यांना कंप्रेसर 'हळू' फिरल्यासारखा वागतो. आपलं मशीन ५० हर्ट्झच्या ग्रिडला बांधलेलं, फेऱ्या बदलणार नाहीत. तरी ४५ अंशांना करेक्टेड वेग २८८.१५ भागिले ३१८.१५ च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे ९५.२ टक्के उरतो. उन्हाळ्यातल्या तोट्याचा एक भाग इथेच सुरू होतो.

खऱ्या इंजिनचा मॅप उत्पादक देत नाही. मग करायचं काय? त्याच जातीच्या कंप्रेसरचा प्रसिद्ध झालेला मॅप घ्यायचा आणि आपल्या डिझाइन पॉइंटला बसेल असा ताणायचा. प्रवाह आणि कार्यक्षमता सरळ गुणकाने बदलतात. दाब गुणोत्तर मात्र सरळ गुणू नका. त्यातला १ वजा करून उरलेला भाग गुणा आणि मग १ परत मिळवा. नाहीतर जिथे कंप्रेसर काहीच दाबत नाही तिथेही तुमचा मॅप दाब वाढलेला दाखवेल. मूळ मॅपचं गुणोत्तर ६ आणि तुमचं १८ असं असेल तर ताणूच नका. टप्प्यांची संख्याच वेगळी असते आणि रेषांचा उतार पार बदलतो. मूळ मॅप तुमच्या गुणोत्तराच्या जितका जवळचा तितकं बरं.

मॅप संगणकात भरताना एक अडचण येतेच. वेग जास्त असताना वेगरेषा जवळपास उभी असते, म्हणजे एकाच प्रवाहाला अनेक दाब. कमी वेगाला ती आडवी होते, म्हणजे एकाच दाबाला अनेक प्रवाह. मग तक्त्यात शोधायचं कशावरून? यावर उपाय म्हणजे बीटा रेषा. सर्जच्या सीमेला साधारण समांतर अशा, वेगरेषांना छेदणाऱ्या काल्पनिक रेषा काढायच्या आणि त्यांना ० ते १ असे क्रमांक द्यायचे. आता वेग आणि बीटा एवढं सांगितलं की प्रवाह, दाब आणि कार्यक्षमता यांचा प्रत्येकी एकच आकडा मिळतो. बीटाला भौतिक अर्थ काहीही नाही, तो निव्वळ पत्ता आहे. पण तो नसेल तर प्रोग्रॅम उभ्या रेषेवर जाऊन हमखास अडतो.

जुळणी, एक फेरी हाताने

टर्बाइनच्या पहिल्या स्थिर पात्यांमध्ये वायू ध्वनीच्या वेगाला पोचलेला असतो, म्हणजे त्या चोक झालेल्या असतात. आपलं प्रसरण गुणोत्तर दहाच्या वर आहे, तेव्हा हे गृहीतक पक्कं. चोक झाल्यावर प्रवाह गुणिले टी४ चं वर्गमूळ भागिले पी४ हे प्रमाण बदलत नाही. टी४ आपण १४०० वरच धरलं, म्हणून पी४ प्रवाहाच्या प्रमाणात राहिलंच पाहिजे. टर्बाइनने घातलेली ही अट आहे. कंप्रेसरची स्वतःची अट मॅपमध्ये आहे. दोन्ही अटी एकाच वेळी पाळणारा बिंदू शोधायचा.

इंधनाच्या प्रमाणातला सूक्ष्म बदल सोडून दिला तर टर्बाइनची अट अशी उतरते: दाब गुणोत्तर म्हणजे १२ गुणिले करेक्टेड प्रवाहाचा (डिझाइनच्या तुलनेतला) अंश गुणिले ०.९५१७ (वरचंच वर्गमूळ). आता एक्सेलमध्ये तीन ओळी करा.

पहिली ओळ. अंदाज ११.५. समजा तुमचा ताणलेला मॅप ९५.२ टक्के वेगरेषेवर या दाबाला ०.९२५ प्रवाह देतो. टर्बाइनला हवं असलेलं गुणोत्तर १०.५६. फरक अधिक ०.९४. म्हणजे आपण धरलेला दाब फार जास्त आहे. एवढ्या हवेवर टर्बाइन तेवढा दाब धरून ठेवणारच नाही.

दुसरी ओळ. अंदाज १०.६. मॅपवरून प्रवाह ०.९३०. टर्बाइनला हवं १०.६२. फरक उणे ०.०२.

तिसरी ओळ. दोन फरकांमधून सरळ रेषा काढा, ती शून्याला जिथे छेदते तिथे १०.६२. झाली जुळणी.

प्रोग्रॅम हेच करतो, फक्त त्याला दशांशाच्या सहाव्या स्थळापर्यंत जायचा कंटाळा येत नाही. आता बाकीचं डिझाइन पॉइंटसारखंच. खरा प्रवाह २० गुणिले ०.९३ गुणिले ०.९६३८ गुणिले ०.९५१७ म्हणजे १७.०६ किलो प्रति सेकंद. टी३ ६७९, टी५ ८५७.५. निव्वळ काम २६९.८ किलोज्यूल प्रति किलो, म्हणजे ४.६ मेगावॉट. कार्यक्षमता २९.४ टक्के.

६.१ चं ४.६ झालं. जवळपास चौथा हिस्सा गेला, तोही नागपुरात विजेची मागणी शिगेला पोचते त्या दुपारी. जाहीर आकड्यावर विसंबून लोड ठरवणाऱ्याला हा हिशेब आधीच हातात मिळायला हवा, यासाठीच एवढा खटाटोप. तोटा कुठून आला तेही बघा. १५ टक्के हवाच कमी आली. उरलेल्या हवेतून प्रत्येक किलोमागे १२ टक्के कमी काम निघालं, कारण तापलेली हवा दाबायला जास्त काम लागतं आणि दाब गुणोत्तर पडल्यामुळे टर्बाइन कमी देतं.

ताळा करून बघू. या धंद्यात चालणारा ठोकताळा असा की दर अंशाला अर्धा ते पाऊण टक्का शक्ती जाते. ३० अंशांना ०.७ ने २१ टक्के, वर उंचीचे ३.६ टक्के. दोन्ही मिळून सुमारे २४. आपलं उत्तर २४.६. जुळलं. मॅप मात्र काल्पनिक आहे हे विसरू नका. तुमच्या मशीनचा उतार वेगळा निघेल.

टी४ धरायचं की टी५?

वरच्या गणितात आपण टी४ कायम ठेवलं. पण खऱ्या मशीनमध्ये टी४ मोजायला थर्मोकपल (तापमानाचा संवेदक) बसवता येत नाही, १४०० केल्विनच्या त्या झोतात तो टिकत नाही. नियंत्रण यंत्रणा टी५ म्हणजे एक्झॉस्टचं तापमान मोजते आणि त्यावरून इंधन आवरते. आता बघा, ४५ अंशांना टी४ तेवढंच असताना टी५ २१ अंशांनी वाढलं. नियंत्रक टी५ ला ८३६.७ वरच अडवून धरणारा असेल तर टी४ १३६२ पर्यंत खाली येतं आणि शक्ती ४.३ मेगावॉटवर घसरते. एका नियंत्रण-नियमामुळे ०.३ मेगावॉटचा फरक!

म्हणून चांगल्या मशीनमध्ये टी५ ची मर्यादा कंप्रेसरच्या दाबाप्रमाणे सरकती ठेवतात. दाब पडला की मर्यादा वर जाते आणि टी४ साधारण कायम राहतं. तुम्ही ज्या मशीनचं सिम्युलेशन करताय त्याच्या नियंत्रकात कोणती रेषा भरली आहे, हे ऑपरेशनवाल्यांना आधी विचारा. माझ्या मते मॅपच्या अचूकतेवर महिनाभर डोकं घालण्यापेक्षा हा एक प्रश्न जास्त मोलाचा आहे.

अज्ञात वाढले की

एका शाफ्टच्या मशीनमध्ये एकच अज्ञात होता, म्हणून तीन ओळींत भागलं. दोन शाफ्टचं मशीन किंवा जेट इंजिन घेतलं की अज्ञातांची रांग लागते. साध्या टर्बोजेटमध्ये वेग दिलेला असेल तर बीटा, टी४ आणि टर्बाइनचं प्रसरण गुणोत्तर हे तीन अज्ञात, आणि तीन अटी: टर्बाइनमधला प्रवाह जुळला पाहिजे, टर्बाइनची शक्ती कंप्रेसरच्या शक्तीएवढी हवी, नोझलमधून जाणारा प्रवाह जुळला पाहिजे. अज्ञात आणि अटींची संख्या सारखी आहे का, हे कागदावर आधी मोजा. प्रोग्रॅम चालत नाही अशी तक्रार येते तेव्हा बरेचदा इथेच पाणी मुरत असतं.

सोडवायची पद्धत न्यूटन-राफसन. प्रत्येक अज्ञात थोडा हलवायचा, समजा एक हजारांशाने, अटींमधल्या फरकांवर काय परिणाम होतो ते बघायचं, त्याचं कोष्टक म्हणजे जेकोबियन, आणि त्यावरून पुढचं पाऊल. व्यवहारात तीन पथ्यं पाळा. एक, सगळे फरक टक्केवारीत मांडा; एक फरक किलोवॅटमध्ये आणि दुसरा किलो प्रति सेकंदात असला तर मोठा आकडा लहानाला गिळतो. दोन, पाऊल मोठं आलं तर अर्धं करा, नाहीतर बीटा ० ते १ च्या बाहेर उडी मारतो आणि मॅपबाहेरच्या हवेत गणित सुरू होतं. तीन, १५ अंशांवरून थेट ४५ वर जाऊ नका. ५-५ अंशांनी चढा आणि प्रत्येक पायरीचं उत्तर पुढच्या पायरीचा पहिला अंदाज म्हणून वापरा. उन्हाळ्याच्या टोकाला अडणारे बहुतेक प्रोग्रॅम एवढ्याने चालू लागतात.

तयार साधनं

गणित एकदा हाताने झालं की तयार साधनांकडे जायला हरकत नाही. योआखिम कुर्त्स्के यांनी उभा केलेला गॅसटर्ब हा प्रोग्रॅम उद्योगात आणि विद्यापीठांत दोन्हीकडे चालतो आणि मॅप हाताळण्यात त्याला तोड नाही. नेदरलँड्सच्या एनएलआर संस्थेचा जीएसपी भाग जोडून जोडून इंजिन उभं करू देतो. नासाचं पायसायकल मोफत आहे आणि पायथनमध्ये आहे, पण त्यासाठी ओपनएमडाओ ही ज्या चौकटीवर ते उभं आहे ती समजून घ्यावी लागते. मॅटलॅब आणि सिम्युलिंक असेल तर नासाचं टी-मॅट्स बघा. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या कॉलेजातल्या प्रोजेक्टला माझी शिफारस साधी आहे: एक शाफ्टचं मॉडेल स्वतः पायथनमध्ये लिहा, साय-पाय या पायथनच्या गणिती पॅकेजचा सॉल्व्हर वापरा, आणि तेच उदाहरण तयार साधनात चालवून दोन्ही उत्तरं शेजारी मांडा. परीक्षक सॉफ्टवेअरचं नाव बघत नाही, फरक का पडला ते सांगता येतं का हे बघतो.

नागपूर विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पातल्या विमान-देखभाल क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी: विमान इंजिनात हेच गणित असतं, भर पडते ती उंची, माख क्रमांक आणि फॅनची. प्रवासी विमानांची बरीच इंजिनं समुद्रसपाटीला ३० अंशांपर्यंत तोच जोर देतील अशी बांधलेली असतात, त्यापुढे तापमानाची मर्यादा लागते आणि जोर घसरतो. सोनेगावच्या म्हणजे नागपूर विमानतळाच्या धावपट्टीवर ४५ अंश म्हणजे त्या उंचीच्या प्रमाणित हवेपेक्षा ३२ अंश जास्त. तुमच्या मॉडेलमध्ये हा कोपरा दिसायला हवा. तापमानाबरोबर जोर पहिल्यापासून एकसारखा घसरत असेल तर नियंत्रणाची मर्यादा घालायची राहिली आहे.

कूलर लावला तर?

एप्रिल उजाडला की घराघरात कूलरला नव्या ताट्या बसतात. गॅस टर्बाइनच्या इनलेटला ओल्या जाळीचा पडदा लावणं म्हणजे तीच युक्ती, आणि विदर्भातली कोरडी हवा तिला फार मानवते. सिम्युलेशन खऱ्या अर्थाने पैसे वाचवतं ते अशा प्रश्नावर.

४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब तापमान (पाणी वाफ होऊन हवा जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते ते) २४ च्या आसपास येतं. पडद्याची परिणामकारकता ८५ टक्के धरली तर हवा ४५ वरून २१ च्या ८५ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे १८ अंशांनी थंड होते. इनलेटला २७ अंश. आता तेच मॉडेल २७ अंशांना चालवा: करेक्टेड वेग ९८ टक्के, प्रवाह ०.९७, दाब गुणोत्तर ११.४, शक्ती ५.३ मेगावॉट, कार्यक्षमता ३०.८ टक्के. ०.७ मेगावॉट परत मिळालं.

पाण्याचा हिशेबही त्याच पानावर करा. १८ अंश थंड करायला प्रत्येक किलो हवेमागे साधारण साडेसात ग्रॅम पाणी वाफ होतं. १८.३ किलो प्रति सेकंदाला तासाला सुमारे ४९० लिटर. क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावं लागणारं पाणी वेगळं. मे महिन्यात हे पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न अहवालात मेगावॉटच्या शेजारीच लिहा. तसंच पडदा वर्षभर इनलेटमध्ये उभा असतो आणि दाब खातो. इनलेटचा दाब १ टक्क्याने पडला तर शक्ती १ टक्क्याहून जास्त पडते. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान २९ आणि आर्द्रता ८५ टक्के असताना वेट बल्ब फक्त दोन अंशांनी खाली असतो. तेव्हा पडदा देतो जेमतेम, घेतो मात्र नेहमीइतकंच. म्हणून एका कडक दुपारचं सिम्युलेशन करून निर्णय घेऊ नका. वर्षभराची तासागणिक हवा आणि आर्द्रता घाला, ८७६० बिंदू चालवा. आधीच्या तासाचं उत्तर पुढच्याला अंदाज म्हणून दिलं तर साध्या लॅपटॉपवरही हे काम निभतं.

धूळ बसलेल्या मशीनचं मॉडेल

आतापर्यंतचं मशीन कोरं होतं. प्रत्यक्षात कंप्रेसरच्या पात्यांवर धूळ, राख आणि तेलाचा थर बसतो. हे मॉडेलमध्ये आणायला मॅप पुन्हा काढावा लागत नाही, फक्त दोन गुणक बदलायचे: प्रवाहाचा आणि कार्यक्षमतेचा. प्रवाह ३ टक्क्यांनी आणि कार्यक्षमता एका अंकाने, ०.८५ वरून ०.८४, कमी केली की ४५ अंशांना शक्ती ४.६ वरून ४.४ मेगावॉट आणि कार्यक्षमता २८.९ टक्क्यांवर येते.

हेच गणित उलटंही चालवता येतं, आणि प्लांटमध्ये त्याचा उपयोग सगळ्यात जास्त. त्या दिवसाचं तापमान, जागेवरचा दाब, मोजलेलं टी३, पी३, टी५, इंधन आणि किलोवॅट मॉडेलला द्या, आणि कोणते गुणक घातले की मॉडेल या मोजमापांशी जुळतं ते सॉल्व्हरला शोधायला सांगा. प्रवाहाचा गुणक आठवड्यागणिक घसरत असेल तर कंप्रेसर धुवायची वेळ जवळ आली. प्रवाह जागेवर आहे आणि फक्त टर्बाइनची कार्यक्षमता घसरतेय असं निघालं तर धुऊन काही होणार नाही, बोअरस्कोप (आत घालून बघायचा बारीक कॅमेरा) घालून पाती बघा. एका दिवसात एखादा गुणक अचानक उडी मारत असेल तर मशीनकडे जाण्याआधी संवेदक तपासा.

मोजमापं कमी आणि गुणक जास्त असं होऊ देऊ नका. पाच मोजमापांतून आठ गुणक काढणारा सॉल्व्हर उत्तर देतो खरं, पण तशी शेकडो उत्तरं असतात. पी३ चा संवेदक नसेल तर प्रवाह आणि कार्यक्षमता वेगळी काढायच्या भानगडीत पडू नका, नवीन संवेदक मागवा. धुण्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा साधारण सारख्याच लोडवर आणि किमान अर्धा तास स्थिर चालल्यावर नोंदी घ्या. नागपुरात एप्रिल-मेमध्ये ही नोंद पहाटे घेतलेली बरी. तासातासाला हवा चार अंशांनी चढत असताना मशीन स्थिर आहे असं म्हणायची सोयच राहत नाही.